अर्तमीच्या शहरात पौल काय करत होता?

आत्मिक लढाईचा एक ठराविक साचा अलीकडे अनेक प्रार्थनासभांत रुजला आहे. गावावर कोणता दुरात्मा राज्य करतो ते आधी शोधायचे, नकाशावर त्याच्या ठाण्यांच्या खुणा करायच्या, मग त्याचे नाव घेऊन त्याला बांधायचे आणि हाकलायचे. ही ठाणी म्हणजे बहुतेकदा शेजाऱ्याचे देऊळ किंवा दर्गा. अमेरिकेतील फुलर सेमिनरीचे प्राध्यापक सी. पीटर वॅग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात या शिकवणीला पुस्तकी रूप दिले. ती पवित्र शास्त्रातून निघत नाही, आणि विश्वासणाऱ्याला लढाईच्या खऱ्या जागेवरून उठवून भलतीकडे नेते, असे माझे ठाम मत आहे.

तिच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा आधी घेऊ. दानीएलाच्या दहाव्या अध्यायात पारसाच्या अधिपतीने देवदूताला एकवीस दिवस अडवले, असे सांगितले आहे. प्रांतावर अंमल चालवणारी दुष्ट शक्ती असू शकते, एवढे त्यातून निघते आणि ते मला मान्य आहे. पण त्या तीन आठवड्यांत दानीएल काय करत होता? पक्वान्न, मांस, द्राक्षारस वर्ज्य करून तो देवापुढे नम्र होऊन बसला होता. लढाई झाली हे त्याला दूताने मागाहून सांगितले. ज्या अध्यायावर ही सगळी इमारत उभी आहे, त्यात कोणा माणसाने कोणत्याही अधिपतीला दरडावलेले नाही. यहूदाच्या पत्रात तर मीखाएल आद्यदूतही सैतानाला धमकावणे प्रभूवर सोपवतो.

आता पौलाचे उदाहरण, इफिस शहरातले. अर्तमी देवीचे तिथले देऊळ म्हणजे प्राचीन जगातल्या सात आश्चर्यांपैकी एक. १९९९ साली वॅग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या शहराच्या अवशेषांत, जुन्या रंगशाळेत, मोठा स्तवनमेळावा भरवला. अर्तमीच्या आड जी दुष्ट शक्ती आहे असे ते मानत, तिच्यावर चाल करायची हा हेतू. तिथे जमलेल्यांच्या भक्तीबद्दल मला शंका नाही. पण पौल त्या शहरात सुमारे तीन वर्षे राहिला, तेव्हा अर्तमीचा महिमा ऐन भरात होता. तुरन्नाच्या पाठशाळेत त्याने दोन वर्षे रोज वादसंवाद केला, स्वतःच्या हातांनी काम करून पोट भरले. हातांनी घडवलेले देव हे देव नव्हेत, असे तो उघड सांगत होता, म्हणून तर देमेत्रिय सोनाराने दंगल पेटवली. भूतग्रस्तही बरे झाले. देवळावर मात्र त्याने चाल केली नाही. त्याच रंगशाळेत, खवळलेल्या जमावापुढे, नगराचा चिटणीस साक्ष देतो की या माणसांनी देवळे लुटली नाहीत आणि आपल्या देवीची निंदाही केली नाही. आपल्या गावच्या सरपंचाला आपल्याबद्दल अशी साक्ष देता येईल का? येशूचे नाव मंत्रासारखे वापरणाऱ्या स्किवाच्या मुलांना मात्र भूतग्रस्ताने उघडे करून पळवले. पन्नास हजार चांदीच्या नाण्यांचे जादूचे ग्रंथ जळाले, तेही ज्यांचे होते त्यांनीच आणून जाळले.

मग लढाई नाहीच का? आहे. सैतान म्हणजे जुनी उपमा, असे म्हणून हात झटकणारे सुशिक्षित ख्रिस्ती मला पटत नाहीत. जातीचा द्वेष पाहा. एकेकट्याला विचारले तर कोणीच त्याचा धनी नाही, तरी पिढ्यान्‌पिढ्या तो माणसांना राबवतो. पण मोर्चा कुठे लागला आहे? इफिसकरांस पत्राचा शस्त्रसामग्रीचा सहावा अध्याय सगळ्यांना पाठ असतो, चौथा वाचा. सैतानाला शिरायला वाट मिळते ती सूर्य मावळला तरी न शमलेल्या रागातून. आजूबाजूला खोटे बोलणे आहे, चोरी आहे. शस्त्रसामग्रीच्या लगेच आधी नवराबायको, आईबाप आणि लेकरे, दास आणि धनी यांच्याबद्दल लिहिले आहे. सत्याचा कमरबंद घरात, दुकानात, मंडळीच्या हिशेबाच्या वहीत बांधायचा आहे. उरस्त्राण आणि शिरस्त्राण तर यशयाच्या एकोणसाठाव्या अध्यायात देव स्वतः घालतो, आणि घालतो ते न्याय कुठे उरला नाही म्हणून. याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात यहुदी आणि परराष्ट्रीय यांच्यामधली भिंत पडते. तिसऱ्यात त्या एक झालेल्या मंडळीकडूनच आकाशातल्या सत्तांना देवाचे ज्ञान कळते. ज्या मंडळीत सोयरीक जमवताना अजून मूळ जात विचारली जाते, तिने डोंगरावर जाऊन कितीही आरोळ्या ठोकल्या तरी ती भिंत तिनेच पुन्हा उभी केली आहे.

या साच्याची सर्वांत मोठी किंमत मोजतो तो आजारी माणूस. फेफऱ्याला, नैराश्याला दुरात्म्याचे नाव दिले की औषध बंद होते. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारणे, साखळीने बांधणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, मग धर्म कोणताही असो. कायदा येण्याआधीच मंडळीने ते थांबवायला हवे होते. रोग्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करा आणि त्याला दवाखान्यात न्या. पौलाचा सोबती लूक वैद्यच होता.

शस्त्रसामग्री घालून स्थिर उभे राहायचे, एवढेच ते पत्र सांगते; पण स्थिर उभे राहणे म्हणजे हातावर हात ठेवून बसणे, असा आक्षेप येईल. त्याला उत्तर इफिसकरांस पत्राच्या शेवटी आहे. लिहिणारा बेड्यांत आहे. शस्त्रसामग्री सांगून झाल्यावर तो स्वतःसाठी प्रार्थना मागतो. सुटका व्हावी, पहारेकऱ्याचा नाश व्हावा, रोमवरचा दुरात्मा बांधला जावा, यातले काहीच त्यात नाही. तोंड उघडले की सुवार्ता धैर्याने सांगता यावी, एवढेच त्याचे मागणे आहे. छळ सोसणाऱ्या मंडळ्यांसाठी आपल्या सभांत आपण काय मागतो, ते या विनंतीशी ताडून पाहावे.