सरकारी क्षमायाचनेचे व्याकरण

सरकार क्षमा मागू लागले म्हणून आमच्या काही मित्रांस अलीकडे फार आनंद झाला आहे. सत्ताधीशाने प्रजेपुढे मस्तक नमवावे, याहून लोकशाहीचा मोठा विजय कोणता, असे ते आम्हांस विचारतात. आम्ही उभा जन्म विद्यार्थ्यांना वाक्ये सोडवून दाखविण्यात घालविला. त्याच खोडीने ही वाक्येही सोडवून पाहिली, आणि मित्रांच्या आनंदात आम्हांस वाटेकरी होता येईना.

‘आम्ही चूक केली’ या वाक्यात कर्ता उघड आहे. परंतु ‘चूक झाली’ असे म्हटले की कर्ता कोण? चूकच! ‘भावना दुखावल्या असतील तर दिलगीर आहोत’ यात दुखावणारा कोणी नाहीच. भावनाच कर्त्या, आणि त्याही ‘असतील तर’. म्हणजे चूक आपली आपण झाली, भावना आपल्या आपण दुखावल्या. सरकार बिचारे शेजारच्या घरी सांत्वनास गेल्यासारखे हळहळते आहे.

मालवणच्या राजकोट किल्ल्यावर 4 डिसेंबर 2023 रोजी अनावरण झालेला शिवछत्रपतींचा 35 फुटी पुतळा नऊ महिनेही उभा राहिला नाही. 26 ऑगस्ट 2024 रोजी तो कोसळला. दोनच दिवसांनी त्या वेळचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी आमच्या शेजारच्या लातूर जिल्ह्यात राज्याच्या 13 कोटी जनतेची क्षमा मागितली. 30 ऑगस्ट रोजी पालघर येथे खुद्द पंतप्रधानांनी महाराजांच्या चरणी मस्तक ठेवून क्षमा मागितली, आणि त्याच भाषणात, सावरकरांचा अपमान करूनही क्षमा न मागणाऱ्या विरोधकांचा समाचार घेतला. एका हाताने नमस्कार आणि दुसऱ्याने चपराक! पुढे शिल्पकारास व बांधकामाच्या सल्लागारास अटक झाली. क्षमा मागणारे एक आणि प्रायश्चित्त घेणारे दुसरे, ही वाटणी आमच्या धर्मशास्त्रकारांना सुचली नव्हती. त्यांच्या मते प्रायश्चित्तार्थ्याने आधी स्वतःचे पाप स्वतःच्या तोंडाने सांगावे लागते.

जालना जिल्ह्यातील अंतरवाली सराटी येथे 1 सप्टेंबर 2023 रोजी उपोषणस्थळी लाठीमार झाला. तेव्हा गृहखाते सांभाळणारे देवेंद्र फडणवीस यांनी 4 सप्टेंबर रोजी बळाचा वापर अयोग्य होता असे म्हणून सरकारच्या वतीने क्षमा मागितली. हे वाक्य खरोखर बरे होते, हे आम्ही मोकळेपणाने कबूल करतो. पण ते तेथेच संपते तर! लगोलग 1994 च्या नागपुरातील गोवारींच्या मृत्यूंची आणि मावळातील गोळीबाराची आठवण निघाली, आणि त्या वेळी कोणी आदेश दिले होते, असा सवाल आला. क्षमेच्या पावतीवर दुसऱ्याची थकबाकी मांडण्याची ही रीत पेढीवर चालेल. पाठीवर वळ उठलेल्या माणसास तिचा काय उपयोग?

‘माफी’ या शब्दाचाच इतिहास पाहा. सरकारी दप्तरात माफी ही नेहमी वरून खाली येते: साऱ्याची माफी, दंडाची माफी, कर्जमाफी. सरकार देणार, रयत घेणार. हाच शब्द खालून वर न्यावयाचा म्हटले की दप्तराची जीभ अडखळते, आणि ‘खेद’, ‘दिलगिरी’ असली गुळगुळीत नाणी बाहेर येतात. 1919 च्या जालियनवाला बागेबद्दल इंग्लंडच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी 2019 मध्ये, शंभर वर्षांनी, तीव्र खेदच व्यक्त केला; क्षमा काही मागितली नाही. उलट ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान केविन रड यांनी 13 फेब्रुवारी 2008 रोजी आदिवासींची मुले आईबापांपासून तोडल्याबद्दल क्षमा मागताना, हे मागील संसदांच्या व सरकारांच्या कायद्यांनी आणि धोरणांनी घडले, असे संसदेतच म्हटले. भरपाई देण्यास त्यांचे सरकार तयार नव्हते, ही त्यातली उणीव. तरी कर्ता लपविला नाही.

आमचे मित्र म्हणतील, न मागण्यापेक्षा मागितलेली बरी. असेल. पण कोणत्या गोष्टीची मागितली जाते आणि कोणत्या गोष्टीची नाही, हेही पाहावे. नांदेडच्या शासकीय रुग्णालयात 30 सप्टेंबर आणि 1 ऑक्टोबर 2023 या दरम्यानच्या चोवीस तासांत 24 रुग्ण दगावले. त्यांत 12 नवजात बालके होती. धर्माबादेसारख्या सीमेवरच्या गावांतून अत्यवस्थ रोगी नांदेडलाच हलवावा लागतो, हे येथील प्रत्येक घरास ठाऊक आहे. औषधांचा व माणसांचा तुटवडा आहे असे रुग्णालयातून आधी सांगण्यात आले. मागाहून, तुटवडा नव्हता, असे सरकारने सांगितले. सत्तापक्षाच्या एका खासदाराने अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन शौचालय स्वच्छ करविले. उच्च न्यायालयाने आपण होऊन दखल घेतली. एवढे सर्व झाले. क्षमा हा शब्द मात्र आमच्या कानी आला नाही.

पुतळ्याची क्षमा मागता येते; नवा पुतळा उभारता येतो, आणि तो उभारलाही गेला. बारा अर्भकांपुढे मस्तक नमवावयाचे तर ‘चूक झाली’ म्हणून भागत नाही. किती पदे आम्ही भरली नाहीत, कोणती खरेदी कोणत्या महिन्यात कोणाच्या टेबलावर पडून राहिली, हे कर्त्यासकट सांगावे लागते. तसे निवेदन कोणी मंत्री करील त्या दिवशी आम्ही आमच्या मित्रांच्या आनंदात सामील होऊ; तोवर त्या बारा घरांतून कोणी विचारले, तर त्यांना काय सांगावे, हे मित्रांनीच आम्हांस कळवावे.