चेष्टेची उतरंड

शाळेतील मुले एकमेकांची चेष्टा करणारच, मोठ्यांनी त्यात कशाला पडावे, असे म्हणून एक गंभीर प्रश्न बाजूला सारला जातो. परंतु चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्टीत ही चेष्टा सर्वांच्या वाट्याला सारखी येत नाही. भामरागड-एटापल्लीकडचा माडिया मुलगा तालुक्याच्या हायस्कुलात अडखळत मराठी बोलतो तेव्हा हशा पिकतो. त्याला ‘जंगली’ म्हटले जाते. हसणारा मुलगा बहुधा झाडीबोली बोलणाऱ्या लहान शेतकऱ्याचा असतो. तोच पुढे पुण्यात शिकायला गेला की त्याच्या बोलीला हसणारे भेटतात. वरून आलेला अपमान खालच्याच्या माथी मारण्याची ही उतरंड मुलांनी रचलेली नाही. समाजाने ती त्यांच्या हाती आयती दिली आहे.

आश्रमशाळांत बहुतेक मुले आदिवासी असतात, म्हणून तेथे दांडगाई नसते असे नव्हे. लहानमोठी मुले एकाच आवारात राहतात. जेथे पाणी, स्वच्छतागृहे, अंथरूण-पांघरूण अपुरे, तेथे बळी तो कान पिळी हाच न्याय चालतो. टंचाईचे वाटप नियमाने झाले नाही की ते मनगटाच्या जोरावर होते, हे अर्थशास्त्रातले साधे सत्य वसतिगृहालाही लागू आहे. छळाला कंटाळलेला मुलगा गावी निघून जातो आणि सरकारी कागदावर त्याची नोंद केवळ ‘गळती’ अशी होते.

कायद्यांची उणीव नाही. महाराष्ट्राचा १९९९ चा रॅगिंगविरोधी कायदा वसतिगृहांनाही लागू आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बालकाचा मानसिक छळ निषिद्ध ठरवला आहे. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे यासाठी राज्याने झटावे, असे संविधानाचे ३५० अ हे कलम १९५६ पासून सांगत आहे. तरीही धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ साली गोंडी शाळा काढली, तेव्हा प्रशासनाने २०२२ मध्ये तिला अनधिकृत ठरवले. शासनच ज्या भाषेला शाळेबाहेर ठेवते, तिची टवाळी मुलांनी करू नये ही अपेक्षा कशाच्या बळावर करावयाची?

म्हणून केवळ दंगेखोर मुलांना शिक्षा करून भागणार नाही. माडिया-गोंडी जाणणारे शिक्षक नेमणे, वसतिगृहांत पुरेशा सोयी व जबाबदार अधीक्षक देणे, आणि रानातील झाडे-पाखरे ओळखणाऱ्या मुलाच्या ज्ञानाला वर्गात मान देणे, ही शासनाची कामे आहेत. ती झाल्याशिवाय समतेचे धडे पाठ्यपुस्तकातच राहतील.