फ्रेंचमधला ‘ट’ काढा!

फ्रेंच शिकणाऱ्या मराठी मुलामुलींना पेपर लिहिताना बघा. क्रियापदं तोंडपाठ, स्त्रीलिंग-पुल्लिंग पक्कं, अक्षरांवरच्या तिरक्या रेघासुद्धा जागच्या जागी. आता त्यांनाच म्हणा, ‘चल, दोन वाक्यं बोलून दाखव.’ झालं, घसा कोरडा! साहजिकच आहे म्हणा. आपल्यापैकी कितीतरी जणांनी फ्रेंच घेतलं ते ‘स्कोअरिंग सब्जेक्ट’ म्हणून. मार्क सगळे लिहिण्याला, त्यामुळे तोंड बंद ठेवूनही टक्केवारी वर जायची.

पण नोकरीला लागलं की तोंड उघडावंच लागतं. डेल्फच्या परीक्षेत 100 पैकी 25 मार्क बोलण्याचे असतात. 2023 मध्ये कॅनडानं एक्सप्रेस एंट्रीत फ्रेंच येणाऱ्यांसाठी वेगळ्या फेऱ्या सुरू केल्या, तेव्हापासून तर तिकडे जायची स्वप्नं बघणारे झाडून सगळे फ्रेंचच्या मागे लागलेत. तिथे वाचणं, लिहिणं, ऐकणं आणि बोलणं, चारही गोष्टींत किमान सातवी पातळी लागते. म्हणजे लिहिण्यातले मार्क बोलण्याला उधार मिळत नाहीत!

हिंजवडीतल्या माझ्या एका मित्राचा किस्सा ऐका. लिओंच्या क्लायंटनं फोनवर कॉलची वेळ सांगितली, ‘दझर’. यानं ऐकलं ‘दूझर’. पहिलं म्हणजे दोन वाजता, दुसरं म्हणजे बारा वाजता. फरक एका स्वराचा. बिचारा जेवण सोडून बाराला लाइनवर हजर, आणि पलीकडे चिटपाखरू नाही. जे तोंडाला वेगळं काढता येत नाही, ते बहुतेकदा कानालाही वेगळं ऐकू येत नाही. म्हणून उच्चार ही शोभेची गोष्ट नव्हे.

आपली खरी गोची कुठे होते? आपण फ्रेंचला इंग्रजीच्या रस्त्यानं जातो. लिपी तीच, निम्मे शब्द ओळखीचे, मग जीभ आपोआप इंग्रजी वळण घेते. खरं तर मराठीतून थेट गेलं तर निम्मा प्रवास आधीच झालेला असतो.

सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे आपला ‘त’. इंग्रजीतला टी आपण ‘ट’ म्हणून उच्चारतो आणि तोच ट घेऊन फ्रेंचमध्ये घुसतो. फ्रेंचमध्ये ट नाहीच! जीभ वरच्या दातांना टेकते, अगदी ‘तवा’तल्या त सारखी. टेबल म्हणजे ‘ताब्ल’, चहा म्हणजे ‘ते’. तसंच ड नाही, ‘दार’मधला द आहे. प आणि क सुद्धा आपलेच, बिनहवेचे. कॉल सेंटरच्या अ‍ॅक्सेंट ट्रेनिंगमध्ये प आणि क वर जी फुंकर मारायला शिकवतात, ती इथे विसरायची. इंग्रजीतला ओ शेवटी ‘ओउ’ असा घसरतो, फ्रेंचचा ओ मराठीसारखाच सरळ. आणि इंग्रजीसारखे एका अक्षरावर जोर, बाकीची गिळलेली, असे धक्केही नाहीत. ‘रे-स्तो-राँ’, सगळी अक्षरं सारख्या मापाची, फक्त शेवटचं जरा लांब.

आता ज्यासाठी घाम गाळावा लागतो ते बघू.

पहिला मान ‘यू’ या अक्षराचा. तो ऊ नाही आणि ई पण नाही. ओठांचा चंबू ‘ऊ’साठी करतो तसा करा आणि तो जराही न हलवता ‘ई’ म्हणा. आरशात बघत करा, हसू येईल, पण जमेल. का जमायला हवं? कारण ‘वर’ आणि ‘खाली’ या अर्थाचे फ्रेंच शब्द एवढ्याशा फरकावर उभे आहेत. माझ्या मित्राला नडलेल्या ‘दोन’साठी अशीच युक्ती, ओठ ‘ओ’चे आणि जीभ ‘ए’ची.

दुसरे नाकातले स्वर. इथे आपण अनुस्वार बघून घाईघाईनं न किंवा म जोडतो. फ्रेंचमध्ये ‘चांगला’ म्हणजे ‘बों’, नाकातच संपतो, जीभ कुठेही टेकत नाही. ‘चांगली’ म्हणजे ‘बॉन’, तिथे न स्पष्ट वाजतो. म्हणजे नाक विसरलात तर लिंगच बदललं! मराठीला ही गोष्ट परकी नाही. ‘हंस’ किंवा ‘संशय’ म्हणून बघा, तिथे आपणही सरळ न न म्हणता नाकातून जातो. एकेकाळी मराठीत भरपूर अनुस्वार लिहिले जायचे. न उच्चारले जाणारे अनुस्वार साहित्य महामंडळाच्या 1962 च्या नियमांनी काढून टाकले. कोकणी बोलणाऱ्यांकडे मात्र नाकातले स्वर अजून शाबूत आहेत. वर्गात कुणी गोवेकर असेल तर त्याच्या शेजारी बसा!

तिसरा ‘मी’ या शब्दातला ‘ज’. आपला जगातला नाही आणि जीवनातलाही नाही. ‘श’ म्हणत राहा आणि मध्येच घशाला आवाज द्या, तो सापडेल. ‘झ’ मात्र आपल्याला सोपा, ‘जरा’ आणि ‘बाजार’मुळे. पण तो नेमक्या जागी लावा. ‘प्वासों’ म्हणजे मासा आणि ‘प्वाझों’ म्हणजे विष. हॉटेलात ऑर्डर देताना लक्षात असलेलं बरं.

चौथा तो बदनाम ‘र’. जिभेचं टोक खालच्या दातांमागे झोपू द्या आणि उर्दू गझल गाणारे ‘ग़ज़ल’मधला ग घशातून काढतात तसा काढा. नाहीच जमला तर आपला मराठी र चालतो, लोकांना कळतं. र साठी सहा महिने रडण्यापेक्षा ते सहा महिने ‘यू’ला द्या, कारण अर्थ तिथे बदलतो.

आणि मग जोडकाम. शब्दाच्या शेवटची व्यंजनं फ्रेंच लोक गिळतात. इंग्रजी ‘केअरफुल’मधली सी, आर, एफ, एल ही चार बहुधा वाजतात, एवढं लक्षात ठेवा. अपवाद आहेतच. ‘बोलणं’ या क्रियापदाच्या शेवटी आर आहे, पण म्हणायचं ‘पार्ले’. (बिस्किटाशी संबंध नाही!) पण गिळलेलं अक्षर पुढे स्वर आला की अचानक जागं होतं. ‘इल्झों’ म्हणजे त्यांच्याकडे आहे, ‘इल्सों’ म्हणजे ते आहेत. शहाणपणा करून सगळीकडेच जोडायलाही जाऊ नका. ‘ले एरो’ म्हणजे हीरो लोक, तेच ‘ले झेरो’ म्हटलं की सगळ्यांचं शून्य!

एवढं सगळं करून आपण पॅरिसकरासारखं बोलायला लागू का? नाही. आणि लागलंच पाहिजे असंही नाही. फ्रान्समध्ये तरी सगळे कुठे सारखं बोलतात? दक्षिणेत नाकातल्या स्वराला शेपटी लागते, क्वेबेकमध्ये ‘तू’चा त चक्क आपल्या ‘चमचा’तल्या च कडे झुकतो. 2020 च्या जुलैमध्ये पंतप्रधान झालेले जाँ कास्तेक्स दक्षिणेच्या ढंगात बोलायचे, त्याचीही चर्चा झालीच. त्याच वर्षी 26 नोव्हेंबरला तिथल्या नॅशनल असेंब्लीनं बोलण्याच्या ढंगावरून भेदभाव करण्याविरुद्धचं विधेयक पहिल्या वाचनात मंजूर केलं. म्हणजे खुद्द फ्रेंच माणसालाही हा जाच चुकलेला नाही. भाषेच्या ए-वन ते सी-टू या पातळ्या ठरवणाऱ्या युरोपियन चौकटीनंही 2018 मध्ये उच्चारांचे निकष बदलले. आता जोर ‘स्थानिकासारखं’ बोलण्यावर नाही, समोरच्याला कळण्यावर आहे.

म्हणून ‘मराठी टोन येतो’ म्हणून गप्प बसणाऱ्यांना माझं एवढंच म्हणणं आहे. टोन राहू दे, अर्थ पोचू दे. रोज दहा मिनिटं पुरे. आरएफआय रेडिओच्या सोप्या फ्रेंचमधल्या बातम्या घ्या, सोबत लिखित मजकूरही मिळतो. फक्त एक मिनिटाचा तुकडा. आधी डोळे मिटून ऐका, मग वाचत ऐका, मग बोलणाऱ्याच्या बरोबरीनं बोला. मोबाइलवर रेकॉर्ड करून मूळ आवाजाशी ताडून बघा. एका आठवड्यात एकच आवाज, बाकीचे पुढच्या आठवड्यात. आणि वहीच्या मार्जिनमध्ये देवनागरीत उच्चार लिहायची सवय असेल तर खुशाल लिहा. फक्त जिथे जिथे हात सवयीनं ‘ट’ लिहील, तिथे खोडून ‘त’ करा.