मुलींच्या कपाटात कुठली गाणी?

वाचनालयात गाणी कशाला हवीत, हा प्रश्न आमच्या भोंगवलीत आधी विचारला गेला. आणि ठेवायचीच तर कुठली, हा नंतर. पहिल्याचं उत्तर सोपं आहे. आठवी ते बारावीच्या मुलामुलींसाठी वेगळं कपाट करायचं म्हटलं, तर ती दिवसभर काय ऐकतात याकडे पाठ फिरवून कसं चालेल? एसटीत बघा, प्रत्येकीच्या कानात काहीतरी वाजत असतं. दुसरा प्रश्न मात्र अवघड निघाला, आणि तो फक्त आमच्या गावाचा नाही.

पुस्तक-निवडीच्या बैठकीत दोन नावं पुढे आली. मोठ्यांनी सुचवलं ‘आयुष्यावर बोलू काही’. संदीप खरे यांचे शब्द, सलील कुलकर्णींच्या चाली आणि गाणारे दोघंही. २००३ साली पुण्यात सुरू झालेला हा कार्यक्रम आपल्यापैकी कित्येकींनी पाहिलाय, त्याच्या सीडी घरात वाजवल्यात. आपलीच कविता आपणच गाणारा कवी तेव्हा मराठीत तसा नवा होता. याच जोडीचं ‘दमलेल्या बाबाची कहाणी’ही हवंच, असा आग्रह झाला. मुलींनी सुचवलं ‘गुलाबी साडी’. २०२४ साली हे गाणं लग्नाच्या मांडवापासून परदेशापर्यंत पोचलं. ते लिहिणारा आणि गाणारा संजू राठोड जळगाव जिल्ह्यातला. त्यावर एक ज्येष्ठ काका म्हणाले, “हे वाचनालय आहे, वरात नव्हे.” झालं! विषय तिथेच संपणार होता.

मी म्हटलं, आधी ऐकू तरी. एका रविवारी सहा-सात मुलींना बसवलं, दोन्हीकडची गाणी सलग ऐकली आणि शब्द वहीत उतरवून घेतले. मैत्रिणींनो, हे एकदा करून बघाच. गाणं कानाने ऐकलं तर चाल लक्षात राहते, कागदावर वाचलं की कोण कोणाशी काय बोलतंय ते दिसतं.

खरे यांच्या शब्दांबद्दल माझं मत चांगलंच आहे. मराठी अगदी घरातली आणि मोकळी. जडजड संस्कृत शब्द नाहीत, सिनेमातल्या नायकाचा रुबाबही नाही. या गाण्यांतला पुरुष हळवा आहे, चुकतो, कबूल करतो. घरात ती नसताना त्याला घर परकं वाटतं आणि ते सांगायची त्याला लाज वाटत नाही. आपल्याकडच्या पोरांना रागावता येतं, गप्प बसता येतं, पण वाईट वाटलं हे म्हणता येत नाही. त्यांच्यासाठी तर हा संच घ्यायलाच हवा.

पण ‘दमलेल्या बाबा’शी आम्ही अडखळलो. गाणं सुंदर आहे. नीरेपलीकडे शिरवळच्या कंपन्यांत सेकंड शिफ्ट करून रात्री उशिरा परतणारे बाप आमच्या भागात घरोघरी आहेत, ऐकताना दोघींचे डोळे भरले. शब्द लिहून झाल्यावर एक नववीतली मुलगी म्हणाली, “काकू, पण ती तर झोपलेलीच आहे की!” खरंच की. बोलतो तो बाबा. अपराधी वाटतं ते बाबाला. मुलगी निजलेली, आणि तिच्या मोठं होण्याचा विचार जातो तो सासरच्या उंबरठ्यापर्यंत. मधली शाळा, कॉलेज, नोकरी काहीच नाही. कवीचा यात दोष काढावा असं मला वाटत नाही. ते बापाचंच गाणं आहे आणि बापाच्या जागेवरून ते खरंच आहे. पण मुलींच्या कपाटात ठेवताना त्यात मुलगी कुठे आहे, हे विचारायला नको?

आता गंमत पाहा. ज्याला नाकं मुरडली त्या ‘गुलाबी साडी’त मुलगी जागी आहे, नटून उभी आहे आणि माझा फोटो काढ म्हणून सांगते आहे! मागणी फोटोचीच आहे, त्यापलीकडे गाणं जात नाही, हेही खरं. शिवाय ते एकटं गाणं आहे, त्याच्यामागे ऐकत बसावं असा संच नाही. हल्ली सगळ्यांचं असंच, एकेक गाणं येतं आणि त्यातलाही अर्ध्या मिनिटाचा तुकडा रीलमध्ये फिरतो. म्हणून कपाटासाठी मी ते सुचवलं नाही. पण ‘वाईट वळणाचं’ म्हणूनही नाकारलं नाही. ही दोन कारणं मुलींना वेगवेगळी सांगता आली पाहिजेत, नाहीतर त्या पुढच्या वेळी काही सुचवायच्याच नाहीत.

शब्दावर शिक्का मारणं सोपं असतं. अमेरिकेत टिपर गोर नावाच्या बाईंनी आपल्या अकरा वर्षांच्या मुलीसाठी प्रिन्स या गायकाचा ‘पर्पल रेन’ अल्बम आणला. त्यातल्या एका गाण्याचे शब्द ऐकून त्या हादरल्या. त्यांचे पती तेव्हा सिनेटर होते. बाईंनी मैत्रिणी जमवल्या, १९८५ साली तिथल्या संसदेत सुनावणी झाली, आणि पालकांनी सावध राहावं असा काळा-पांढरा शिक्का अल्बमवर येऊ लागला. आईची काळजी खरीच होती, मी तिला हसणार नाही. पण शिक्का शिव्या मोजतो, अर्थ मोजत नाही. एकही वाईट शब्द नसलेलं आणि पोरीला काहीच न बोलू देणारं गाणं त्यातून सहज सुटतं. आपल्याकडे २०२३ साली पुणे विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत एका तरुणाने शिवराळ रॅप चित्रित केलं. गुन्हा नोंदला गेला, चौकशी समिती नेमली गेली. वास्तूचा मान राखायला हवा, यात वाद नाही. पण पोरं असलं का ऐकतात, हा प्रश्न गुन्हा नोंदवून सुटत नाही.

मग मुलींच्या तोंडची गाणी आणायची कुठून? फार लांब जायला नको. आपल्या आज्या-पणज्या दळता दळता ओव्या रचायच्या. शब्द त्यांचे, आवाजही त्यांचाच. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी मुळशी-मावळापासून सुरुवात करून गावोगावच्या बायकांच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. पी. साईनाथ यांच्या ‘परी’ या संकेतस्थळावर २०१७ पासून त्यातल्या कित्येक आवाजासकट, शब्दांसकट मोफत ऐकता येतात. सासूबद्दल, भावाबद्दल, मुलगी म्हणून जन्माला आल्याबद्दल या बायका इतकं रोखठोक बोलल्यात, की आमच्या मुली आधी हसल्या आणि मग गप्प झाल्या. एकीने घरी जाऊन आजीला विचारलं, तर आजीला पंधरा येत होत्या. आजवर कोणी विचारलंच नव्हतं म्हणे!

व्यवहाराचंही सांगते, कारण आमच्यासारखी वाचनालयं अनुदानावर चालतात आणि अनुदान म्हटलं की पुस्तक आणि त्याची पावती. यूट्यूबवरून गाणी उतरवून वाचनालयाच्या कॉम्प्युटरवर साठवून ठेवायची नाहीत. आख्खं पुस्तक झेरॉक्स करून वाटण्यासारखंच ते. गीतकार-संगीतकारांना त्यांच्या गाण्याच्या कमाईतला वाटा मिळावा म्हणून २०१२ साली कायदा बदलला, तो आपणच का मोडावा? खरे यांचे कवितासंग्रह मात्र रीतसर विकत घेता येतात. आम्ही ‘मौनाची भाषांतरे’ आणि ‘नेणिवेची अक्षरे’ मागवायचं ठरवलंय. गाणी मुली फोनवर ऐकतातच, शब्द कपाटात असतील. मूळ सीडी कोणाच्या घरी पडून असेल तर तीही देणगी म्हणून घेऊ, फक्त वाजवायला प्लेअर शोधावा लागेल!

काका अजून पुरते राजी नाहीत. त्यांनी अट घातलीय, की पुढच्या बैठकीला मुलींनी स्वतः येऊन सांगावं, काय हवं आणि का. मुली तयार आहेत. बैठक संध्याकाळी सातला असते, ती पाचला घ्या एवढंच त्यांचं म्हणणं आहे, म्हणजे घरून सोडतील.