टाचणी आपल्याच हाती हवी

आपल्या देशात कागदाला फार मान आहे. माणूस समोर उभा असला तरी तो आहे याला एक कागद लागतो, आणि तो गरीब आहे याला तर चार लागतात. पूर्वी हे सारे टाचणीने टोचून टेबलावर ठेवले की काम भागत असे. आता ते टेबल संगणकात गेले. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, गुणपत्रक, पासबुकाचे पहिले पान हे सर्व ‘एकाच पीडीएफमध्ये जोडावे’ अशी सूचना अर्जाखाली असते. टाचणी गेली, टोचणी मात्र राहिली.

मित्रहो, विषय क्षुल्लक वाटेल. फायली जोडणे हा काय वैचारिक प्रश्न आहे, असे कोणी म्हणेल. पण ज्या घरातून पहिल्यांदाच कोणी कॉलेजची पायरी चढले आहे, त्या घरात ही टाचणी लावून देणारे कोणी नसते. मग दोनच वाटा उरतात. सायबर कॅफेत मागतील तेवढे पैसे मोजायचे, किंवा मोबाइलवर जे पहिले फुकट संकेतस्थळ सापडेल त्यावर सारे कागद चढवायचे. पहिल्या वाटेत पैसे जातात आणि फाइल पुष्कळदा कॅफेच्या संगणकातच पडून राहते. दुसऱ्या वाटेत काय जाते, याचा तर आपण विचारच करीत नाही. वडिलांचे उत्पन्न, आपली जात, जन्मतारीख, खाते क्रमांक, आधार क्रमांक असे सारे घरच एका अनोळखी यंत्राच्या हवाली होते. फाइल काही वेळाने पुसून टाकतो, असे काही संकेतस्थळे सांगतात. पुसतही असतील, पण ते पाहायला आपण तेथे जाऊ शकत नाही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली संसदेने संमत केला हे खरे. तथापि चोरीविरुद्ध कायदा आहे म्हणून घराची किल्ली वाटसरूच्या हाती कोणी देत नाही.

वास्तविक याची काहीच गरज नाही. पीडीएफ ही पद्धत अडोबी कंपनीने १९९३ साली आणली आणि २००८ साली ती आंतरराष्ट्रीय मानक झाली. तिचे नियम सर्वांना खुले असल्यामुळे जोडणारी साधने अनेकांनी तयार केली व फुकट दिली. ‘पीडीएफसॅम’ची मूळ आवृत्ती किंवा ‘क्यूपीडीएफ’ एकदा संगणकावर बसवली की इंटरनेट बंद असतानाही काम करते. कागदांचे नुसते फोटो असतील तर ‘लिबरऑफिस’मध्ये ते एकाखाली एक ठेवून त्यांची एकच पीडीएफ काढता येते.

हे जोडणे म्हणजे नेमके काय, तेही समजून घेण्यासारखे आहे. साध्या मजकुराच्या दोन फायली एकापुढे एक चिकटवल्या तरी चालते. पीडीएफचे तसे नाही. तिच्यातील प्रत्येक पानाला, चित्राला, फाँटला क्रमांक असतो आणि कोणती वस्तू कोठे आहे याची यादी असते. दोन पुस्तके नुसती एकत्र शिवली तर पान १ दोनदा येणार. म्हणून जोडणारे साधन नवे क्रमांक घालते व यादी नव्याने लिहिते. दोनचार दाखल्यांसाठी जुन्या संगणकालाही हे काम काही क्षणांचेच.

पण यातूनच एक अनर्थ होतो. डिजिटल सही ही त्या फाइलीतील मजकूर सहीच्या वेळी जसा होता, तशाच्या तशा बाइटवर बेतलेली असते. फाइल पुन्हा लिहिली गेली की सहीची पडताळणी होत नाही. सहीची चौकट दिसते, पण ते नुसते चित्र. म्हणजे ‘एकाच फाइली’च्या हट्टापायी आपण अस्सल दाखल्याची झेरॉक्स करून पाठवतो! डिजिटल सहीला आपल्याकडे २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने मान्यता दिली. २०१५ साली डिजिलॉकर आले. एका हाताने सही द्यायची, दुसऱ्या हाताने ती पुसायला लावायची आणि शेवटी ‘मूळ प्रत घेऊन या’ म्हणायचे, हा कोठला न्याय? त्या एका खेपेत घरच्यांची एका दिवसाची मजुरी बुडते.

म्हणून दोन गोष्टी व्हाव्यात असे मला वाटते. अर्ज मागवणाऱ्यांनी सही असलेले दाखले स्वतंत्रपणेच स्वीकारावेत. जोडायचे ते बाकीचे कागद जोडावेत. आणि आपल्या ग्रंथालयातील एका तरी संगणकावर ही साधने बसवून, प्रवेशाच्या पहिल्याच आठवड्यात प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला एक तास हे शिकवावे. शिकवायला प्राध्यापकच हवेत असे नाही. राष्ट्रीय सेवा योजनेतील आपण मुलेमुलीही हे करू शकू. काम संपल्यावर फाइल पुसून टाकायची, हा त्याच तासातला शेवटचा धडा.

हे कला शाखेचे काम नव्हे, असा आक्षेप येईल. राज्यशास्त्राच्या तासाला आपण नागरिकाचे हक्क शिकतो. तो हक्क मागण्याचा अर्जच दुसऱ्याने भरून द्यावा लागत असेल, तर ते शिक्षण परीक्षेपुरतेच राहिले असे म्हणावे लागेल. आपल्या आजीआजोबांनी अंगठा सोडून सही शिकली, कारण आपल्या नावावर दुसऱ्याचा हात चालू नये. आपल्या कागदांबाबतही आज तेच शिकायचे आहे.