फितूर कोण?

परदेशात जन्मलेला फुटबॉलपटू दुसऱ्या राष्ट्राचा गणवेश अंगावर चढवतो तेव्हा ‘फितूर’ हा शब्द लोकांच्या ओठांवर तयारच असतो. तो किती बेजबाबदारपणे वापरला जातो हे पाहायचे असेल, तर दियेगो कोस्ताचे प्रकरण आठवावे.

ब्राझीलमधील लागार्तो या गावचा हा मुलगा मिसरूड फुटण्याच्या वयात पोर्तुगालला गेला. पुढे स्पेनमध्ये, आज या संघात तर उद्या त्या संघात, असा उसना दिल्यासारखा फिरत तो मोठा झाला. मार्च २०१३ मध्ये ब्राझीलने त्याला दोन मैत्रीपूर्ण सामन्यांत खेळवले. त्याच वर्षी त्याला स्पेनचे नागरिकत्व मिळाले आणि ऑक्टोबरात त्याने स्पेनची निवड केली. मैत्रीपूर्ण सामन्यांमुळे खेळाडू एका देशाला कायमचा बांधला जात नसल्याने ते नियमाला धरूनच होते. तरीही, कोट्यवधींच्या स्वप्नाकडे त्याने पाठ फिरवली, असा ठपका ब्राझीलचे प्रशिक्षक स्कोलारी यांनी ठेवला. तेथील महासंघाने तर त्याचे नागरिकत्व काढून घेण्याची भाषा केली. २०१४ च्या विश्वचषकात साल्वादोरच्या मैदानावर त्याच्या पायाशी चेंडू आला की प्रेक्षक हुर्यो उडवीत.

आता दहा वर्षे मागे जाऊ. २००३ साली हेच स्कोलारी पोर्तुगालचे प्रशिक्षक होते. ब्राझीलमध्ये जन्मलेल्या डेको या खेळाडूला त्यांनी पोर्तुगालच्या संघात घेतले आणि पहिल्यांदा मैदानात उतरवले तेही ब्राझीलविरुद्धच! पोर्तुगालने तो सामना २-१ असा जिंकला आणि विजयी गोल डेकोनेच केला. त्या दिवशी कोट्यवधींचे स्वप्न कोठे गेले होते? आपल्याकडे आला तो गुणी, आपल्याकडून गेला तो फितूर, हा कसला न्याय?

ब्रील एम्बोलो कॅमेरूनमध्ये जन्मला आणि लहानपणी आईबरोबर येऊन स्वित्झर्लंडमध्ये वाढला. २०२२ च्या विश्वचषकात त्याने कॅमेरूनविरुद्ध गोल केला, पण आनंद साजरा न करता नुसते हात वर केले. एका मनात दोन देश मावतात, हे त्या उंचावलेल्या हातांनी सांगितले. त्याच्या निष्ठेचे वजन करणारे आपण कोण?

मग कोणीही कोठूनही खेळावे काय? मुळीच नाही. ज्या देशात खेळाडू राहिला नाही, जेथे त्याचे आईबाप वा आजीआजोबा जन्मले नाहीत, तेथील पारपत्र केवळ पैशाने मिळवणे हा बाजार आहे. २००४ साली कतारने जर्मनीत खेळणाऱ्या ब्राझिलियन खेळाडूंवर असेच जाळे टाकले, तेव्हा फिफाला नियम कडक करावे लागले. सप्टेंबर २०२५ मध्ये मलेशियाचा महासंघ आणि त्याचे सात परदेशी जन्माचे खेळाडू यांना फिफाच्या शिस्तपालन समितीने शिक्षा केली. आजीआजोबांच्या जन्माचे बनावट कागद, हा त्यातील ठपका होता. फितुरी म्हणायची तर याला म्हणावे. परंतु असे बाजार मांडणाऱ्या पदाधिकाऱ्यांवर कोणी हुर्यो उडवीत नाही.

आपणही या दुटप्पीपणातून सुटलेलो नाही. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. म्हणून वडिलांकडून भारतीय असलेल्या आणि पुण्याच्या संघातून खेळणाऱ्या इझुमी अराताने जपानचे नागरिकत्व सोडले, तर २०२५ मध्ये रायन विल्यम्सने ऑस्ट्रेलियाचे. आपल्याला त्याचे कौतुक वाटले, आणि ते योग्यच होते. मात्र त्यांच्या मागे राहिलेल्या देशांनी त्यांना फितूर म्हटले असते, तर ते आपल्याला रुचले असते काय? आणि उद्या परदेशात वाढलेला आपल्यापैकी कोणाचा नातू त्या देशाकडून भारताविरुद्ध मैदानात उतरला, तर आपण त्याला कोणत्या नावाने हाक मारणार? येणाऱ्याला जे माप लावले, तेच जाणाऱ्यालाही लावावे. एवढी साधी नीती पाळली, तरी पुष्कळ झाले.