घटनेतल्या तडजोडी वर्गात शिकवाव्यात, त्यांची किंमत कोणी मोजली हेही सांगून

१/ सप्टेंबर १९४९. दिल्लीत संविधान सभेपुढे राजभाषेचा प्रश्न आला आणि १२ ते १४ सप्टेंबर असे तीन दिवस सभागृह तापले. हिंदीला राजभाषेचे स्थान देण्यावर बरीचशी सहमती होत आली होती. सभासद अडून बसले होते ते अंकांवर. सरकारी कागदावर आकडे देवनागरी वळणाने लिहायचे की जगभर चालणाऱ्या वळणाने? निर्वासितांचे लोंढे आणि धान्याची टंचाई सोसणाऱ्या देशाने आकड्यांच्या आकारावर एवढे भांडावे, याचे आज नवल वाटते.

२/ अंक हे निमित्त होते. टंडन आणि सेठ गोविंददास यांच्यासारख्या हिंदीच्या आग्रही पुरस्कर्त्यांना देवनागरी लिपी तिच्या अंकांसह हवी होती. दक्षिणेकडील सभासदांना धास्ती होती की, आज अंक दिले तर उद्या नोकऱ्या, परीक्षा आणि न्यायालयेही हातची जातील. कन्हैयालाल मुन्शी आणि गोपालस्वामी अय्यंगार यांनी तोडगा काढला: राजभाषा हिंदी, लिपी देवनागरी, अंक मात्र ‘भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूप’, आणि १५ वर्षे इंग्रजी चालू.

३/ त्या शब्दयोजनेकडे नीट पाहावे. अंक परके नाहीत, मूळचे भारतीयच आहेत, असे एका बाजूला सांगता आले. दुसऱ्या बाजूला हवे ते वळण मिळाले. दोन्ही पक्षांची अब्रू राखणारे हे चार शब्द आजही अनुच्छेद ३४३ मध्ये आहेत. विद्यार्थी ते परीक्षेसाठी पाठ करतात, पण त्यामागचे भांडण त्यांना कोणी सांगत नाही.

४/ घटनानिर्मितीचा धडा बहुतेक ठिकाणी आकड्यांवर संपतो: २ वर्षे, ११ महिने, १८ दिवस, ३९५ अनुच्छेद, ८ अनुसूची. एक आकडा मात्र फारसा कोणी सांगत नाही. मसुद्यावर सुमारे ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या आणि त्यांतील २,४७३ प्रत्यक्ष सभागृहात मांडल्या गेल्या. एवढ्या दुरुस्त्या येतात, याचा अर्थच तेवढे मतभेद होते. त्या मतभेदांचे काय झाले, हे शिकवल्याशिवाय घटना शिकवली असे म्हणता येत नाही.

५/ मराठी कानाला ‘तडजोड’ हा शब्द थोडा खाली मान घातलेला वाटतो. तत्त्व सोडले की तडजोड झाली, असे आपल्याकडे मानतात. म्हणून घटनेबाबत दोन टोके दिसतात. एक टोक पूजेचे: घटनाकारांत मतभेद नव्हतेच, सारे एकमुखाने झाले. दुसरे पंचनाम्याचे: सगळी देवाणघेवाण होती, सगळ्यांनी सगळ्यांना फसवले. पहिल्यात वाढलेला विद्यार्थी एखादे जुने भाषण हाती लागताच थेट दुसऱ्यात जाऊन पडतो.

६/ यातून वाट काढायची तर तडजोडी एकाच मापाने मोजणे थांबवावे लागेल. काही तडजोडींत दोन्ही पक्षांनी काहीतरी दिले. काहींत प्रश्न पुढच्या पिढीवर सोपवला. काहींत तिसऱ्याच कोणाच्या तरी खिशातून किंमत दिली गेली. प्रत्येकीचा हिशेब स्वतंत्रपणे मांडावा लागतो. चार उदाहरणांनी हे स्पष्ट होते.

७/ पहिले उदाहरण अर्थातच भाषेचे. १५ वर्षांची मुदत म्हणजे वादाला दिलेली तारीख होती. ती २६ जानेवारी १९६५ ला भरली. १९६३ चा राजभाषा कायदा होऊनही तेव्हाच्या मद्रास राज्यात आंदोलनाचा भडका उडाला आणि माणसे मेली. १९६७ मध्ये कायदा बदलून अहिंदी राज्यांच्या संमतीशिवाय इंग्रजी जाणार नाही अशी हमी दिली गेली. तडजोड टिकली, कारण मुदत संपल्यावर ती पुन्हा एकदा करण्यात आली.

८/ दुसरे उदाहरण गावाचे. फेब्रुवारी १९४८ च्या मसुद्यात ग्रामपंचायतीचा उल्लेखच नव्हता. गांधीविचारांच्या सभासदांना हे लागले. ४ नोव्हेंबर १९४८ ला मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी माघार तर घेतली नाहीच, उलट गाव म्हणजे संकुचितपणा, अज्ञान आणि जातीयता यांचे ठाणे असल्याचे बजावले. अस्पृश्यांनी गाव वेशीबाहेरून पाहिले होते. त्या अनुभवाचे वजन या शब्दांमागे होते.

९/ पुढे अठराच दिवसांत, २२ नोव्हेंबरला, के. संथानम यांनी पंचायतींचे कलम मार्गदर्शक तत्त्वांत घालण्याची दुरुस्ती मांडली आणि आंबेडकरांनी ती स्वीकारली. तेच आजचे अनुच्छेद ४०. न्यायालयात दाद मागता येणार नाही, पण राज्यसंस्थेला विसरताही येणार नाही, अशा जागी हा विषय जाऊन बसला. पुढे चार दशके त्याचे भिजत घोंगडे राहिले. महाराष्ट्रासारख्या काही राज्यांनी १९६० च्या दशकात आपल्या कायद्याने जिल्हा परिषदा उभ्या केल्या, पण घटनात्मक आधार नव्हता.

१०/ २४ एप्रिल १९९३ ला ७३ वी घटनादुरुस्ती अमलात आली. तिच्यात पंचायती आहेत, आणि त्याच पंचायतींत अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात व स्त्रियांना किमान एक तृतीयांश राखीव जागाही आहेत. म्हणजे संथानम यांना हवी असलेली संस्था आली, ती आंबेडकरांनी घेतलेल्या आक्षेपाची दखल घेऊन. १९४८ मध्येच पंचायतींना अधिकार दिले असते तर ही अट असती का, हा प्रश्न वर्गात विचारण्याजोगा आहे.

११/ तिसरे उदाहरण समान नागरी कायद्याचे. आज हा वाद हिंदू विरुद्ध मुस्लिम असा सांगितला जातो. १९४७ मध्ये मूलभूत हक्क उपसमितीत हे कलम मार्गदर्शक तत्त्वांत ढकलण्याला मिनू मसानी, हंसा मेहता आणि राजकुमारी अमृत कौर यांनी लेखी असहमती नोंदवली होती. तिघांपैकी दोन स्त्रिया होत्या. हा प्रश्न त्यांना हक्काच्या यादीत हवा होता.

१२/ २३ नोव्हेंबर १९४८ च्या चर्चेत मुस्लिम सभासदांनी व्यक्तिगत कायद्यांना संरक्षण मागितले. ती दुरुस्ती मान्य झाली नाही. पण आंबेडकरांनीही उत्तरात म्हटले की, असा कायदा सुरुवातीला स्वेच्छेने स्वीकारणाऱ्यांपुरता ठेवता येईल. तीन वर्षांच्या आत हिंदू कोड बिल सनातनी विरोधामुळे रखडले आणि आंबेडकरांनी मंत्रिपद सोडले. व्यक्तिगत कायद्यातील सुधारणेला विरोध एकाच समाजातून झाला, असे या तारखा शेजारी ठेवल्यावर म्हणता येत नाही.

१३/ चौथे उदाहरण सर्वांत बोचरे. व्यक्तीचे जीवित व स्वातंत्र्य ‘ड्यू प्रोसेस’शिवाय, म्हणजे न्याय्य प्रक्रियेशिवाय, हिरावता येणार नाही, असे आरंभीच्या मजकुरात होते. घटनात्मक सल्लागार बी. एन. राव अमेरिकेत न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांना भेटून आले. मूठभर न्यायाधीशांनी निवडून आलेल्या सभागृहाचे कायदे मोडीत काढणे लोकशाहीला धरून नाही, असे त्या न्यायमूर्तींचे मत होते. मसुद्यात शब्द बदलले: ‘कायद्याद्वारे प्रस्थापित कार्यपद्धती’.

१४/ ६ डिसेंबर १९४८ ला मध्य प्रांत व वऱ्हाडातून निवडून आलेले काझी सय्यद करीमुद्दीन यांनी मूळ शब्द परत आणण्याची दुरुस्ती मांडली. ठाकूरदास भार्गव आणि मुन्शी यांनीही तोच आग्रह धरला. १३ डिसेंबरला आंबेडकरांनी दोन्ही बाजूंचे धोके सांगितले: पक्षाच्या बहुमताने भरलेले सभागृह अन्यायाचे कायदे करू शकते, आणि मोजके न्यायाधीशही चुकू शकतात. निर्णय त्यांनी सभागृहावर सोडला. दुरुस्ती फेटाळली गेली.

१५/ टीका थांबली नाही. सप्टेंबर १९४९ मध्ये भरपाई म्हणून नवे कलम आले, आजचे अनुच्छेद २२. अटकेचे कारण कळण्याचा आणि वकील मिळण्याचा हक्क त्यात आहे. त्याच कलमात, खटल्याविना स्थानबद्ध करण्याची तरतूदही आहे. तीन महिन्यांपलीकडे ठेवायचे तर सल्लागार मंडळाचे मत घ्यावे, एवढा अडसर. आणि त्यालाही अपवाद करण्याची मुभा संसदेला दिलेली.

१६/ या तडजोडीची किंमत देणारे सभागृहात बसलेले नव्हते. १९५० मध्ये ए. के. गोपालन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, रीतसर कायदा केलेला असला म्हणजे पुरे. १९७६ मध्ये, आणीबाणीत, जबलपूर प्रकरणात स्थानबद्धांना न्यायालयाचे दारच बंद झाले. १९७८ च्या मनेका गांधी निकालात न्यायालयाने ठरवले की, कार्यपद्धती न्याय्य, उचित व वाजवी हवी. करीमुद्दीन यांच्या पराभूत दुरुस्तीचे सार तीस वर्षांनी असे मागच्या दाराने घटनेत आले. स्थानबद्धतेची तरतूद मात्र अजून आहे.

१७/ यावर एक आक्षेप येतो: सगळेच वाटाघाटीने ठरले असे कळले तर मुलांना काहीच पक्के वाटणार नाही. आक्षेप रास्त आहे. म्हणून जिथे तडजोड झाली नाही, त्या जागाही दाखवल्या पाहिजेत. अस्पृश्यता नष्ट करणारे कलम २९ नोव्हेंबर १९४८ ला कोणतीही पळवाट न ठेवता मंजूर झाले. १९५१ च्या जनगणनेत साक्षरता जेमतेम १८ टक्के भरली. अशा देशात शिक्षणाची वा मालमत्तेची अट न घालता प्रत्येक प्रौढाला मत मिळाले.

१८/ दुसरी सावधगिरी पुराव्याची. सभागृहातील चर्चा छापील खंडांत शब्दशः मिळतात, पण सगळे सभागृहात ठरत नव्हते. काँग्रेस सभासदांच्या पक्षबैठकांत आधी बरेच काही मिटे. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात आंबेडकरांनी काम सुरळीत झाल्याचे श्रेय काँग्रेसच्या शिस्तीला दिले. त्याच भाषणात त्यांनी कामत, अमरावतीचे पंजाबराव देशमुख, के. टी. शाह, कुंझरू अशा ‘बंडखोरां’चे आभारही मानले. यांच्या दुरुस्त्या बहुतेक हरल्या. पण त्यांना उत्तर देताना मसुदा समितीला आपली कारणे उघड सांगावी लागली. ती कारणे आज वाचता येतात ती या हरलेल्यांमुळे.

१९/ खुद्द आंबेडकर यातून सुटलेले नव्हते. मार्च १९४७ च्या निवेदनात त्यांनी मूलभूत उद्योग व शेती राज्याच्या मालकीची असावी आणि ते घटनेतच लिहावे, अशी मागणी केली होती. अनुसूचित जातींसाठी स्वतंत्र मतदारसंघही मागितले होते. दोन्ही गोष्टी घटनेत नाहीत. १५ नोव्हेंबर १९४८ ला के. टी. शाह यांनी ‘समाजवादी’ हा शब्द घालण्याची दुरुस्ती आणली, तेव्हा समाजाची घडी कशी असावी हे लोकांनी काळानुसार ठरवावे, असे सांगून विरोध केला तो आंबेडकरांनीच.

२०/ हा मतबदल होता, समितीच्या अध्यक्षपदाची मर्यादा होती, की बळाबळाचा अंदाज? विद्यार्थ्यांनी यावर वाद घालावा. शेवटच्या भाषणात आंबेडकरांनी राजकारणात समता आणि समाजजीवनात विषमता, या विसंगतीचा इशारा दिला. त्या इशाऱ्यामागे काय काय सोडावे लागले होते, हे माहीत असलेल्या मुलाला ते भाषण वेगळे ऐकू येईल.

२१/ वर्गासाठी साधनसामग्री फार लागत नाही. एक अनुच्छेद, त्याचे मसुद्यातील रूप, एक हरलेली दुरुस्ती आणि अंतिम मजकूर. मराठी माध्यमात शिक्षकाने चर्चेच्या दोन पानांचा अनुवाद करून दिला तरी पुरे. मग चार प्रश्न: कोणी काय मागितले? कोणी काय सोडले? काय पुढे ढकलले? आणि किंमत ज्याने मोजली तो त्या सभागृहात होता का? चौथा प्रश्न विसरला तर तडजोडीचा धडा शहाणपणाच्या गोष्टीसारखा गुळगुळीत होतो.

२२/ दर २६ नोव्हेंबरला शाळाशाळांत उद्देशिकेचे सामूहिक वाचन होते. ते व्हावेच. त्यानंतर दहा मिनिटे काढून ६ डिसेंबर १९४८ ची चर्चा वाचावी. एका मुलाने करीमुद्दीन यांची बाजू मांडावी, दुसऱ्याने विरोध करावा, आणि वर्गाने मत द्यावे. निकाल काहीही लागो. ज्याने एकदा हरलेल्या दुरुस्तीच्या बाजूने हात वर केला आहे, तो पुढे अनुच्छेद २१ नुसता पाठ करणार नाही.

(समाप्त)